डोक्याच्या मापाचा घास

...आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं विजारी शिवणाऱ्या माणसानं गांडुळाचं माप घ्यायचं? घेतलं हो मी! लेक नोकरीसाठी परगावी निघाली आणि जाताना चार ॲक्सोलॉटल माझ्या गळ्यात मारून गेली. ॲक्सोलॉटल म्हणजे काय? पाण्यातला प्राणी, गालांवर पिसांसारखे कल्ले, आणि तोंड असं की सदा हसतोय... कुणाला? मला! तीन मोठे, एक चिमुकलं पिल्लू. टाकी दुकानात, मशीनशेजारी. "बाबा, वय बघून खाणं! आणि घास डोक्यापेक्षा रुंद नको."

माप म्हटल्यावर मी ताठ! काचेला टेप लावला, डोकी मोजली, वहीत लिहिली, कात्री उचलली... अहो, हसताय काय? बायको कडाडली, "ती कात्री आता माझ्या कापडाला लावाल तर बघा!"

मोठ्यांनी अख्खी गांडुळं गट्टम् केली, दिवसाआड. पिल्लाला बारीक तुकडे, अगदी मापात. ते ढुंकून बघेना! एक दिवस, दोन दिवस... पोट खपाटीला. माझ्याही घशाखाली घास उतरेना. लेकीला फोन लावला. "बाबा! तुमचे तुकडे हलतात का? त्याच्या वयाला हलेल तेच अन्न! जिवंत पाणकिडे आणा. वय बघून खाणं, सांगितलं होतं ना?"

शोभेच्या माशांच्या दुकानात धावलो. मासेवाला जांभई देत म्हणतो, "पाणकिडे? सोमवारी या, काका." आणि तो गुरुवार! सोमवारपर्यंत हे जगतंय कसलं? मग म्हटलं, हलायलाच हवं ना? दोरा घेतला, सैल गाठीत तुकडा अडकवला आणि नाचवला पाण्यात, इकडून तिकडे, तिकडून इकडे... गपकन्! तुम्हाला सांगतो, मी असा नाचलो, की विजार न्यायला आलेलं गिऱ्हाईक तसंच मागे फिरलं!

वर्ष झालं. पिल्लू वीतभर वाढलं. लेक म्हणते, "आता नुसतं समोर टाका, खाईल. वय..." "बघून खाणं, माहितीय!" टाकलं. ढिम्म! माझ्याकडे बघतं, दोऱ्याकडे बघतं, आणि हसतं. बायको म्हणते, "लेकीला तरी पाचवीपर्यंत कसं भरवलंत? असंच नाचून!"

परवा लेक आली, तिन्ही मोठे घेऊन गेली. हे ठेवलं इथेच. "तुमच्याशिवाय जेवत नाही हो ते!" बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सहज विचारलं, "जगतात किती गं हे?"

"नीट सांभाळलं तर अजून पंधरा वर्षं!"

पंधरा? मी आज बासष्टचा! म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षी, तोंडात दात नाहीत, बायको मला चमच्यानं पातळ पेज भरवतेय, वय बघून... आणि माझ्या हातात दोरा!