बोलू नका, माप हलेल

—नाही नाही, बोलू नका काका, बोललात की माप हलेल. जीभ खाली, श्वास नाकानं, आणि हा लगदा घट्ट होईपर्यंत मला बोलू द्या. दोन-तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे. तुम्ही पेपरात एवढं लांबलचक पत्र लिहिलंत तेव्हा मी मधे बोलले का? — हो, वाचलं. आपल्या लोकांच्या ग्रुपवर फिरत होतं, अंगठे काय, फुलं काय! ‘शिस्तीनं रांगेत थांबायला लोकांना काय होतं?’ — तुमचंच ना वाक्य? डोळे मोठे करू नका, ट्रे सरकतो.

रांगेत थांबायला काही होत नाही काका. आम्ही रांगेतच होतो. पाच वर्षं काम करा, कर भरा, मग कायमचे राहा — हे कुणी सांगितलं? मी सांगितलं? इथल्या सरकारनं सांगितलं! इथं कवळ्या बनवणारे हात मिळेनात म्हणून बोलावलं आम्हाला. कामाची परीक्षा घेतली, भाषेची घेतली, छातीचा फोटो काढला, तिकडं स्वतःची लॅब चालवणाऱ्या बाईला इथं शिकाऊ म्हणून बसवलं — हूं की चूं केलं नाही मी. आता खिडकी दिसायला लागली, तर आतून आवाज — पाच नाही, दहा. का? तर नियम बदलला. बरं, नव्यांसाठी? छे, रांगेत उभे आहेत त्यांनाही तोच. गरज सरो, वैद्य मरो! अहो, बदला ना, कोण नको म्हणतंय? देश ह्यांचा, दार ह्यांचं. उद्या येणाऱ्याला आजच सांगा, त्याला नसेल जमत तर तो येणार नाही, तिकडंच सुखात राहील. पण जो घरदार मोडून आलाय त्याला निम्म्या वाटेत सांगायचं — हे कुठल्या शिस्तीत बसतं? समजा मी तुमचं माप घेतलं, कवळी केली, आणि मग म्हटलं, काका, आमच्याकडं आता मापं बदललीत, जबडा तेवढा त्याप्रमाणे करून आणा — तर तुम्ही ती कवळी माझ्या डोक्यात घालाल. आणि बरोबर कराल.

हसू नका हो. परत घ्यावं लागेल सगळं.

काकू मागे दाढेसाठी आल्या होत्या, त्यांनीच सांगितलं — तुम्ही आलात, दोन वर्षांत कागद हातात, मागोमाग मेहुणा, मेहुण्यामागे त्याचा भाऊ. चांगलं झालं, माझ्या पोटात दुखत नाही. पण स्वतःचं जेवण झालं की पंगतीतल्या बाकीच्यांना उपासाचं महत्त्व सांगायचं — हे नाही बघवत. बाहेरच्यांनी लिहिलं असतं तर एवढं लागलं नसतं. तुम्ही लिहिलंत!

आणि माझ्यासाठी नाही बोलत मी. मी काय, आणखी पाच वर्षं दात कोरत बसेन — लोकांचे. पण पोरगी... पोरगी दोन महिन्यांनी अठराची होतेय. आली तेव्हा तिच्यापेक्षा तिचं दप्तर मोठं होतं — नाही, तेराची होती, उगाच सांगतेय, पण मला तशीच आठवते. जुन्या नियमानं पुढच्याच महिन्यात आमच्याबरोबर तिचंही झालं असतं. आता आमचं होईल दहाव्या वर्षी, आणि अठरा झाली की ती आमच्या कागदावरून खाली. स्वतःचा वेगळा परवाना काढ, नाहीतर जा. कुठं जा? तिकडं माझी थोरली जाऊ आहे, तिच्याशी फोनवर काय बोलावं ते हिला कळत नाही, ‘हो काकू, नाही काकू’ करते आणि माझ्याकडं फोन देते.

जनावरांची डॉक्टर व्हायचंय तिला. जागा मिळालीय! पण तिथं अट — कायम राहणाराच पाहिजे. तेव्हा वाटलं, होणारच आहोत की आपण. दुसरं एक साधं कॉलेज आहे, प्रयोगशाळेतलं शिक्षण, ते कुणालाही घेतात, परवानाही तेच काढून देतात. दोन्हीतली एक जागा आज संध्याकाळच्या आत सोडायचीय. ती साधी सोडणार. सोडणारच ना, तिला काय माहीत? — म्हणजे बातमी माहितीय, शाळेत सगळे तेच बोलतात. पण मीच म्हटलं, ‘ते नव्या लोकांसाठी गं, आपल्याला नाही लागू.’ हे रोज म्हणतात, सांग तिला. मी म्हणते, लोक कोर्टात गेलेत, काहीतरी होईल, परीक्षा तरी संपू दे. परीक्षा संपली. कधीच संपली. अहो, कसं सांगू? शब्द दिला की दिला, हे मीच शिकवलंय ना तिला! — काय बोलत बसले मी हे तुमच्यापुढं. तुम्ही नका सांगू कुणाला. काकूंनाही नाही.

हं, झालं घट्ट. आ करा. मोठा. — निघालं. छान आलंय माप, काठ बघा कसे स्वच्छ आलेत. चूळ भरा.

काय? — तुम्हालाही वाटलं फक्त नव्यांसाठी आहे? वाटलं! अहो काका, मी माझ्या पोरीला फसवायला जे बोलले, ते तुम्ही खरं धरून पेपरात छापलंत? आधी वाचायचं तरी! — नको. दुसरं पत्र नका लिहू. एकानं झालं तेवढं पुरे— थांबा. फोन. तिचाच.

हं, बोल पिल्लू... हो, कामावरच आहे, बोल... कुठली सोडू म्हणजे? ... ए, थांब. थांब, दाबू नकोस. बोट काढ त्यावरून, काढलंस? ... साधी सोडू नकोस. नाही, वेड नाही लागलं मला. बाबा आहेत ना घरात? त्यांच्याजवळ जाऊन बस आधी... ऐक ना, मी तुला म्हटलं होतं ना, ते नव्यांसाठी आहे... हो. हो गं. आपल्यालाही.

...

काका, तुम्ही उठा. रुमाल तिथंच टाका. आणि जाताना दार ओढून घ्या.