मुखपृष्ठावरचं नाव

नाही नाही, टोपी काढू नका, टोपीसाठीच तर थांबवलं तुम्हाला — आणि पेपर असा वर धरा, वाचलात तरी चालेल, फक्त पान उलटू नका. हां. आजोबा, हनुवटी जरा — बरं बाई, काका म्हणते, रागावताय काय! पुस्तकात आजोबा आहात ना तुम्ही, म्हणून आलं तोंडात. लहान मुलांचं पुस्तक आहे हो, एक म्हातारा आणि त्याची हट्टी बकरी. बकरी जमली मला. म्हातारा जमेना, काढतेय आणि खोडतेय, आणि आज कॉलेजला निघाले तर या बाकावर तुम्ही, अगदी तोच म्हातारा! मानेवरचे केस कोणी कापलेत पण? एका बाजूला चढलेत. कळतं हो मला, बाबांचं सलून आहे, लोकांच्या माना बघतच मोठी झालेय मी. राहू देत तसेच, चित्रात छान दिसतात.

फोन इथे मांडीवर ठेवते हं, मैत्रिणीचा यायचाय. खोलीत माझ्याबरोबर राहते ती. आत्ता प्रकाशक बाईंच्या ऑफिसात बसली असेल — मुखपृष्ठ आज छापायला जातंय, जाहिरातीसाठी ते आधी छापतात, आतली पानं मागाहून. म्हणजे नाव आजच पडणार त्याच्यावर. चित्रं अमुक-तमुक. एकदा छापलं की छापलं. म्हणून फोन.

शिकतेच अजून, शेवटचं वर्ष. नोकरी नाही करायची, हे आधीपासून पक्कं — आपली खोली, आपलं टेबल, ज्याला चित्रं हवीत त्याने सांगावं, आपण काढून द्यावीत. फ्रीलान्स म्हणतात त्याला. बाबा म्हणतात, म्हणजे माझ्या दुकानासारखंच की, पाटी लावायची आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची! सर सांगायचे, तयारी शिकतानाच करा, डिग्री मिळाल्यावर जागे झालात तर बसाल बोंबलत. केली की मग. सापडेल त्या प्रकाशकाला चित्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं, 'आपला ई-मेल मिळाला' — ते मशीनच पाठवतं हो, माणूस नसतो तिथे, तरी मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं, आणि त्यांनी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला. हसू नका, पेपर हलतोय.

मग कॉलेजचं प्रदर्शन आलं. प्रत्येकाला एक भिंत, त्याचे मार्क परीक्षेत धरतात. सर म्हणाले, सगळं येतं असं दिसू दे. मी शहाणी, सगळं लावलं — जलरंग, शाई, कॉम्प्युटरवरचं, व्यंगचित्र, फुलं, इमारती. जीव ओतला हो. आणि नेमकी तेव्हाच ही माझी मैत्रीण जिन्यावरून पडली, मनगट मोडलं, उजवं. भिंत मोकळी! रडून रडून डोळे सुजवले तिने. नापास म्हणजे घरी परत, आणि घरी तिचं लग्न ठरवूनच बसलेत. मग काय, म्हटलं, थांब, मी काढते. वेळ कुठे होता? फार विचार न करता, जे हाताला येईल ते, साध्या पेन्सिलीने — म्हाताऱ्या बायका, कुत्री, भांडणारी पोरं. आपल्याला कोण बघतंय म्हणून बिनधास्त काढली. तिच्या भिंतीवर लावून टाकली.

आणि या बाई आल्या प्रदर्शनाला. प्रकाशक बाई. माझ्या भिंतीशी थांबल्या, बघितलं, म्हणाल्या, 'सफाई आहे गं हाताला, पण यात तू कुठेयस?' असं! आणि पुढे सरकल्या, पुढे तिची भिंत — तिथे ज्या उभ्या राहिल्या, काका, हलेचनात. एकट्याच हसत होत्या. म्हणाल्या, 'हा हात मला हवा. कुणाचा आहे?' हिच्या हाताला प्लास्टर. हिने तोंड उघडलं, खरंच सांगणार होती ती, मी बघितलं ना — आणि मी तिला मागून असा चिमटा काढला! सर बाजूलाच उभे, बोलली असती तर दोघी तिथल्या तिथे बाद. मीच म्हटलं, हिचा, बाई, पडायच्या आधी काढलीत. माझ्याच तोंडाने. तेव्हा वाटलं, आत्ता वेळ मारून नेऊ, पुढचं पुढे बघू.

पुढचं काय बघणार? मनगट बरं झालं, बाईंकडून या पुस्तकाचं काम आलं, तिने चित्रं काढली — चांगली काढते हो ती, वाईट नाही — पण बाईंनी परत पाठवली. म्हणाल्या, आधीचा हात कुठे गेला? मग आली माझ्याकडे, कागद घेऊन, मान खाली घालून. तेव्हापासून मी काढतेय, ती नेऊन देतेय. आणि मीही गेले होते एकदा बाईंकडे, तिला न सांगता, माझ्या नावाने, माझी चित्रं घेऊन. तसलीच, पेन्सिलीची. बाईंनी एक बघितलं, दुसरं बघितलं, आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, 'बाळ, मैत्रिणीची नक्कल करू नये. स्वतःचं शोध.' प्रेमाने हो! त्यांची काय चूक? रस्ताभर रडत आले मी, लोक बघत होते.

म्हणून आज. आज सांगायचं असं ठरलंय आमचं. बाईंना काय पडलंय कॉलेजचं, त्या थोड्याच सरांकडे चुगली करणारेत? तीच म्हणाली सकाळी, बाईंसमोर बसून तुला फोन करते, तू हो म्हण, मी लगेच सांगते. एवढं हो म्हणायचं, बस. आणि म्हणायलाच हवं ना? बाबांनी आरशाखालची फळी रिकामी केलीये, पावडरचे डबे काढून टाकले — पुस्तक तिथे ठेवणार, नाव दिसेल असं. दाढीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. काय दाखवणार मी त्यांना? बकरी? म्हणणार, बाबा, ही बकरी माझी आहे, नाव तेवढं बघू नका? नाही काका, आज सांगणार. तुम्हाला सांगितल्यावर बरं वाटलं बघा, तुम्ही परके म्हणून —

आला. थांबा हं, हलू नका.

हॅलो... हो, बोल. आवडलं? बकरी आवडली त्यांना? ...काय? आणखी पुस्तकं? सगळी तुझ्याकडेच? ...हो, ऐकतेय. ...समोरच आहेत? ...अगं, मग आता सांगितलं तर... चिडतील ना? फसवलं म्हणतील. हे पण जाईल हातचं. ...नाही, रडत नाहीये. ...नको. नको सांगूस. तुझंच घालू दे. ...अगं हो, खरंच. हात तर चालू राहील ना माझा. ...ठेव आता, थँक्यू म्हण त्यांना.

...

काय बघताय? पेपर वर करा. आणखी पुस्तकं आली म्हणतेय ती, कामच काम आहे आता — हेच हवं होतं ना मला, आपली खोली, आपलं टेबल? मिळालं की. बाबांना सांगेन काहीतरी. सांगेन, छापताना राहून गेलं, होतं असं कधी कधी. त्यांना पटेल. माझं काहीही पटतं त्यांना.

झालं, उठा. नाही, दाखवत नाही, अर्धंच आहे. हो, पुस्तक आलं की कळेलच तुम्हाला, दुकानात दिसेल. — काय? माझं नाव? कशाला हवंय? नाव लक्षात ठेवून पुस्तक विचारणार दुकानात? नाही मिळायचं त्या नावाने. जा काका, घरी वाट बघत असतील. जा म्हणते ना.