एकाच दिवशी ड्रम रिकामे करा

मागच्या बायांनो, समोर या, जागा हाये. मी बांगड्यांचा दुकानदार, मले भाषण जमत नाही. त्यात आज राग आलेला, म्हणून आणखीनच जमत नाही.

सरिता मॅडम गेल्या. डेंग्यूनं गेल्या. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या, अन् हाच ताप आपल्या गल्लीत कसा पसरते याचं गणित मांडणाऱ्या मॅडम.

आठवते का? याच मंदिरात फळा लावला होता त्यांनी. माणसं, डास अन् ताप, तिघांचं समीकरण. मी म्हणलो, "मॅडम, डासाले गणित कळते का?" त्या हसल्या. म्हणल्या, "भाऊ, आपल्याले कळलं तरी पुरे. एका आजाऱ्यापासून सरासरी एकापेक्षा कमी माणसाले ताप गेला, की साथ आपोआप मरते."

अन् मागितलं काय त्यांनी? आठवड्यातून एक दिवस. सगळ्यांनी एकाच दिवशी पाण्याचे ड्रम रिकामे करून घासा. बस, एवढंच.

आपण काय केलं? कोणाचा मंगळवारी बाजार, कोणाचा गुरुवारी उपास, शुक्रवारी नळ नाही. ज्यानं त्यानं आपापला वार धरला. अन् पाणी फेकायचं कसं, म्हणून ते शेजारणीच्या ड्रमात ओतलं! पाणी वाचलं, अळ्याबी वाचल्या. मॅडमनी डोक्याले हात लावला. "अहो, तुमी तर डासाचं बिऱ्हाड हलवून देऊन राह्यले!" आपण हसलो. काऊन हसलो आपण?

मॅडमच्या घरी ड्रम दर आठवड्याले घासलेला राहे. मग डास कुठून आला? एका घरानं भागत नाही, हेच त्या घसा फोडून सांगत होत्या. गणित बरोबर निघालं. असं बरोबर निघालेलं गणित घेऊन काय करू मी? समोर त्यांचे मिस्टर, विलासभाऊ बसले हायेत. त्यांच्याकडे मले पाहवत नाही.

आता सगळे उभे राहा.

पाहा. सगळे उठले. आज कोणता वार, कोणी विचारलं नाही. एका वेळी एक काम जमते आपल्याले. जमत होतं.

घरी गेल्याबरोबर ड्रम उलटे करा. पाणी झाडाले टाका, शेजारी नाही. आजच, सगळ्यांनी.

पण आधी मॅडमसाठी दोन मिनिटं गप्प राहू. सगळे मिळून.