तिसऱ्या ओळीतली शांतता

तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि एक तरुणी बोलत होते.

"आजोबा, या बँडची बोली कळते तुम्हाला?"

"कळायला काय? माझ्या आईचीच ती. शेवटचं गाणंही तिचंच. ही मंडळी घरी येऊन रेकॉर्ड करून घेऊन गेली."

"अय्या! मग तिसऱ्या ओळीत सगळे मध्येच गप्प का होतात? काही परंपरा आहे का?"

"कसली डोंबलाची परंपरा! आईला दमा होता. तिथं तिला धाप लागली. यांनी तेही जसंच्या तसं उचललं."

"मग सांगितलं नाहीत त्यांना?"

"पहिल्या कार्यक्रमाला सांगायलाच आलो होतो."

"आणि?"

"तिची धाप ओसरेपर्यंत अख्खा हॉल थांबला हो. आज चौथ्यांदा येतोय."