महाबळेश्वरला निघालेली माय

...नाही, पण जानेवारीत मे महिन्याचं बुकिंग? आणि वर तो परभणीचा ट्रॅव्हल्सवाला मलाच म्हणतो, "मॅडम, लय उशीर केलाव तुमी, मेच्या खोल्या भरत आल्या!" अहो, संक्रांतीचे तीळ अजून लोकांच्या दातांत अडकलेत, आणि ह्याच्या मेच्या खोल्या भरल्या! ज्या मराठवाड्यात उद्या एसटी सुटेल की नाही हे कंडक्टरसुद्धा सांगत नव्हता, तिथं चार महिन्यांनंतरची थंड हवा आज विकत घ्यायची? पण घेतली. काय करणार, शेवटी मी भगवानरावांची मुलगी!

आमचे बाबा म्हणजे गंगाखेडला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून, आणि त्यांचं आयुष्यात एकच तत्त्वज्ञान, "आगाऊ ठरवलं की अडचण येत न्हाई." तुम्हाला सांगते, मी बाराखडीच्या आधी हे वाक्य शिकले. त्यांचे साहेब एकदा महाबळेश्वरला जाऊन आले आणि तेव्हापासून बाबांच्या डोक्यात ते गाव शिरलं ते शिरलंच. दर वर्षी हिवाळा सरला की ठरायचं, यंदा मे महिन्यात विशाखाच्या, म्हणजे माझ्या, मायला महाबळेश्वर दाखवायचं. मग खोलीसाठी पत्र, ऑफिसात रजेचा अर्ज... आणि संध्याकाळी अंगणात बाज टाकून, अंगातला घामेजलेला बनियन वर गुंडाळून, न पाहिलेल्या महाबळेश्वराचं वर्णन! "मे महिन्यात तोंडातून वाफ निघती म्हणं तिथं!" त्यावर शेजारच्या चांगुणाबाई भिंतीपलीकडून, "अवं भाऊजी, आपल्याकडं डोक्यातून निघायलीय, ती बी फुकट!" आणि ह्या सगळ्यात आमची माय, मालनबाई, एप्रिलच्या उन्हात लोकरीचं स्वेटर विणत बसलेली... लोकर घामानं बोटांना चिकटायची, पण बाई हटायची नाही. किती सुंदर संध्याकाळी होत्या हो त्या! आता वाटतं, महाबळेश्वर तिथंच होतं, आमच्या बाजेखाली कुठंतरी.

कारण खरं महाबळेश्वर काही यायचं नाही. आगाऊ ठरवलं की अडचण येत न्हाई म्हणे! अडचण आमच्या तारखा बघूनच निघायची. कधी बंद, कधी संचारबंदी, कधी मोर्चा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, एवढंच तर मागणं होतं, पण त्यासाठी वर्षांमागून वर्षं गेली. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीचं मी सांगणार नाही. मी लहान होते, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण एवढं सांगते, की मायचा आजवरचा सगळा प्रवास एक तर बाळंतपणाला, नाहीतर मयतीला, नाहीतर मोर्चाला. आणि तिन्हीकडं भाकरी हिनंच थापून न्यायच्या! नुसतं फिरायला, हातात काही काम नाही, असं ती कुठं म्हणजे कुठंच गेली नव्हती.

मग आलं ते वर्ष. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, डोक्यात नुसती आग. खोली ठरली, एसटीची सीट ठरली, ट्रंक भरून तयार... आणि त्याच आठवड्यात जेल भरो! बाबा सरकारी नोकर, त्यांना जाता येईना. मी म्हटलं, मी जाणार. माय म्हणाली, "पोरगी एकली कशी जाईल? मी बी येते." आणि तुम्हाला खोटं वाटेल, बाईनं ती भरलेली ट्रंक तशीच उचलली! पोलीस व्हॅनपाशी हवालदार चक्रावला, "बाई, जेलात चाललाव का लग्नाला?"

"महाबळेश्वरला निघाले होते. मधी तुमी लागलाव."

आता माझी मनःस्थिती समजून घ्या. मी हुतात्मा व्हायच्या तयारीनं गेलेले! अंधारकोठडी, उपासमार, मी काय काय कल्पना केलेल्या... आणि पहिल्याच दुपारी आमच्यापुढं जेवणाची ताटं आली. मायनं ताटाकडं बघितलं, मग वाढणाऱ्या बाईकडं बघितलं, मग परत ताटाकडं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला बसल्या जागी आणून दिलं होतं. एक घास खाल्ला. मी विचारलं, "कसं आहे?"

"डाळ पातळ हाय," माय म्हणाली, "पण मी केली न्हाई." आणि पुन्हा मागून घेतली!

दुसऱ्या दिवशी बघते तर माय दुपारची झोपलेली. दुपारची! मी आमच्या घरात मायला उजेडात आडवं झालेलं पाहिलंच नव्हतं. मला वाटलं, बिघडलं काय हिचं! हलवून उठवली, म्हटलं, "माय, अगं आपण सत्याग्रहाला आलोय!"

"मग? निजून का सत्याग्रह होत न्हाई?"

संध्याकाळी सगळ्या बायका गाणी म्हणायच्या, आमच्याबरोबरच आत आलेल्या चांगुणाबाई हवालदाराच्या चालण्याची नक्कल करायच्या, आणि माय एवढी हसायची, एवढी हसायची, की मला प्रश्न पडायचा, ही बाई आजवर कुठं होती? पहाऱ्यावरच्या बाईलासुद्धा म्हणायची, "बसा की वं जरा, आमी कुठं पळून चाललोत!" मी आपली कोपऱ्यात रागानं लाल, देशाचं काय होणार म्हणून!

चौथ्या दिवशी बाबा भेटीला आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. मला वाटलं, आता धीराचे दोन शब्द बोलतील. तर हे गजाला धरून, अगदी रडवेल्या आवाजात, "अगं, तिखटाचा डबा कुठं ठिवलाय?"

माय शांतपणे म्हणाली, "आगाऊ इचारलं असतं तर अडचण आली नसती."

आणि सुटकेचा दिवस आला तेव्हा? सगळ्या बायका घोषणा देत बाहेर, आणि आमची माय आत विचारतेय, "आजच सोडायलाव का? उद्या न्हाई का जमायचं?" दारात बाबा उभे. म्हणाले, "खोली अजून सोडली न्हाई, परवा निघू." माय म्हणाली, "कशाला? जाऊन आले की मी."

आणि आता, इतक्या वर्षांनी, परवाच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. वस्तीत निळा गुलाल, ढोल, माय ढसढसा रडली, चांगुणाबाई रडल्या, मीही रडले. आणि सगळं निवल्यावर माय ओट्यावर बसून हळूच म्हणाली, "मग आता मला कुठं जायचं न्हाई का?"

मला वाटलं, बाईचं महाबळेश्वर राहून गेलं! मी शाळेत शिकवते, हातात पगार येतो, दुसऱ्याच दिवशी परभणी गाठली आणि हे बुकिंग करून आले. म्हटलं, "माय, मे महिन्यात महाबळेश्वर! नक्की!"

"सैपाक?"

"हॉटेलवाले करतात."

"भांडी?"

"तेच घासतात."

"चांगुणा?"

"नाही गं, आपण तिघंच. तू, मी आणि बाबा."

मायनं माझ्याकडं बघितलं, आत तिखटाचा डबा शोधत असलेल्या बाबांकडं बघितलं. "ह्ये बी संगं? मग ती कशाची सुट्टी, पोरी!"

तर मे महिन्यात मी आणि बाबा जातोय. माय घरीच राहणार, एकटी. आणि चांगुणाबाईंना दुपारच्या मुक्कामाला यायचं तिनं आत्ताच, चार महिने आधी, सांगून ठेवलंय.