पुढच्या खेपेचं औषध

कुरखेड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी शेळी धरून बसलो होतो. शेजारी कमलाबाई कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पलीकडच्या लटारूभाऊंनी त्यांना दुसऱ्यांदा, मोठ्यानं विचारलं,

"बाई, याचा कान पुन्हा वाहून राह्यला?"

"तिसरी खेप हाय, भाऊ."

"डॉक्टरनं औषध देल्लं होतं ना?"

"वास गेला का बंद करतो. उरलेलं पुढच्या खेपेले ठेवतो."

"म्हणून तर पुढची खेप येते! सारी बाटली संपवा."

"आता संपवतो. मोहफुलं वेचाले हाच संगं येते. यानं कान टवकारला का मी मागं सरतो. वाघ हाय तिकडं."

"पाला वाजला तर तुमाले आयकू येत नाई?"

"काय म्हन्ता?"

"पाला! पाला वाजला तर?"

"माहे दोन्ही गेले, भाऊ. आमच्या दोघांत मिळून आता एकच कान उरला."