कानातला कापूस

दि. १६/०७/२०२५

जयराम विठ्ठल गायखे, वय ६३ वर्षे, सेवानिवृत्त हवालदार (तोफखाना), रा. लॅम रोड, देवळाली कॅम्प, नाशिक.

मी समक्ष हजर राहून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी वत्सलाबाई व मुलगा योगेश असे राहतो. दि. १२/०७/२०२५ रोजी योगेशने हर्षल तिडके याच्या गॅरेजमध्ये आमच्या चारचाकी गाडीचा कंपनीचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवून घेतला. मला विचारले नाही.

दि. १३ रोजी सकाळी मी गाडी घेऊन तिडकेकडे गेलो. आत धुराचा वास येतो, आवाजाने कान किटतात, जुना परत बसव, असे सांगितले. हा पठ्ठ्या गाडीखाली वाकलासुद्धा नाही. म्हणाला, "काका, नवीन पाइप आहे, दोन दिवस वास येणारच. आणि तोफा उडवल्या ना तुम्ही? एवढ्याशा आवाजाला काय घाबरता!" गॅरेजमधले सगळे हसले. मी बावीस वर्षे तोफेवर काढली आहेत. मला ते लागले, म्हणून गाडी तशीच घेऊन परत आलो. तिथेच त्याची गचांडी धरायला हवी होती.

दि. १४ रोजी सकाळी १०.२० वाजता आम्ही दोघे मुलगी तेजस्विनी हिच्याकडे इगतपुरीला निघालो. पत्नीचे गुडघे दुखतात, म्हणून ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसली. पाऊस होता. "अहो, हा आवाज डोक्यात घुसतोय," असे ती म्हणाली. फायरिंगच्या वेळी आम्ही कानात कापूस घालायचो. तसा मी तिला दिला, स्वतःही घातला. मागच्या काचा मी लावल्या. समोरच्या काचेवर वाफ धरते म्हणून माझ्या बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवली. "आता डोळे मिटून पड," असे तिला सांगितले.

वाडीवऱ्हे सोडल्यावर आरशात तिचे ओठ हलताना दिसले. मला ऐकू आले नाही. मी मान डोलावली.

११.१५ च्या सुमारास घोटी टोलनाक्यावर तिथल्या माणसाने मागे बोट दाखवले. पत्नी सीटवर कलंडलेली होती. हाका मारल्या, उठली नाही. मग तिच्या कानातला कापूस काढून पुन्हा हाका मारल्या.

पत्नी नाशिकला दवाखान्यात अतिदक्षता विभागात आहे. आज तिसरा दिवस, शुद्ध नाही. धुरातला वायू अंगात भिनला, असे डॉक्टर सांगतात.

काल पोलिसांनी माझ्यासमोर गाडी लिफ्टवर चढवली. पाइपच्या जोडाला वेल्डिंग नव्हते, नुसती पट्टी गुंडाळून तार पिळली होती. मागच्या सीटखालच्या पत्र्याच्या भोकाचे रबरी बूच काढले ते परत लावलेच नव्हते. अरे, माणसे बसतात त्या गाडीत! वर तिडके फोनवर मलाच म्हणतो, "काका, काचा उघड्या ठेवायच्या ना." लाज कशी वाटत नाही? त्याच्यावर कडक कारवाई व्हावी.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. काचा मी लावल्या व कापूस मी दिला, ही वाक्ये काढायची का, असे लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारले. काढू नका म्हणालो. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे.

सही/- ज. वि. गायखे